अर्ध्या उंचीची दोरी

दरवर्षी जून संपता संपता आमच्या शाळेत उंची-वजनाचा दिवस येतो. शिक्षकखोलीतला वजनकाटा व्हरांड्यात आणून ठेवतात, भिंतीवर आखलेल्या पट्टीला पाठ टेकून मुले एकेक करून उभी राहतात आणि प्रगतिपुस्तकाच्या शेवटच्या पानावरच्या दोन रिकाम्या चौकटी भरल्या जातात. मी पाचवी ते आठवीच्या वर्गांना गणित शिकवते आणि वर्गशिक्षिका म्हणून हे काम गेली कित्येक वर्षे माझ्याकडे आहे. पूर्वी मी काट्यावरचा आकडा मोठ्याने सांगत असे आणि वर्गाचा मॉनिटर तो वहीत लिहून घेत असे. काम लवकर उरकावे, यापलीकडे त्यात माझा काही विचार नव्हता.

एका वर्षी सहावीतली एक मुलगी रांगेत उभी राहून आधी बूट, मग मोजे, मग केसांतल्या पिना आणि शेवटी हातातले घड्याळसुद्धा काढून पायरीवर ठेवताना मला दिसली. तिचा क्रमांक आला, मी आकडा सांगितला आणि मागून कोणीतरी हसले. ती मुलगी त्यानंतर वर्षभर पीटीच्या तासाला पोट दुखत असल्याची चिठ्ठी आणत राहिली. ज्या तासाला तिने मनमोकळे पळायला हवे होते, तो तास माझ्या एका सवयीने तिच्याकडून काढून घेतला, हे लक्षात यायला मला उशीर झाला. आता काटा वर्गाच्या आत, कपाटाच्या आडोशाला असतो आणि आकडा फक्त मी पाहते व मीच लिहिते.

हे आधी सांगितले, कारण मुलांच्या अंगावरच्या चरबीविषयी लिहायचे म्हटले की बोलणे फार लवकर 'जाड' आणि 'बारीक' या दोन शब्दांवर येऊन थांबते. मला जे सांगायचे आहे ते या दोन शब्दांत मावत नाही, उलट या दोन शब्दांमुळेच ते झाकले जाते.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. हात काटकुळे, खांद्याची हाडे शर्टातून दिसतात आणि तो तीन वर्षांचा असल्यापासून घरी येणारा-जाणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारत आला आहे, "याच्या अंगाला काही लागत नाही का हो?" आपल्याकडे आईला आणि आजीला हा प्रश्न जिव्हारी लागतो. बाळसे, गुटगुटीतपणा, खात्यापित्या घरचे दिसणे, या सगळ्या शब्दांमागे पिढ्यान्‌पिढ्यांची उपासमार आणि तिची भीती उभी आहे, त्यामुळे माझ्या सासूबाईंना मी दोष देत नाही. त्या नातवाच्या दुधात दोन चमचे साखर जास्त घालत, पोळीला तूप-साखर लावून तिची सुरळी करून देत आणि शाळेतून आल्या आल्या बिस्किटांचा पुडा समोर ठेवत. वजन उंचीच्या मानाने तक्त्यातल्या धोक्याच्या रेषेच्या आत होते, म्हणून मीही निश्चिंत होते.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी एक साधी तपासणी वाचली. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा, एवढाच तिचा नियम आहे. ब्रिटनमधील 'नाइस' या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २०२२ मध्ये मोठ्यांप्रमाणेच पाच वर्षांवरील मुलांसाठीही हे माप सुचवले आहे. मी किराण्याच्या पुड्याची सुतळी घेतली, मुलाला भिंतीशी उभे करून त्याच्या उंचीएवढी कापली, ती दुमडून निम्मी केली आणि बेंबीच्या जरा वरून त्याच्या पोटाभोवती गुंडाळली. टोके जुळली नाहीत. एका बोटाचे अंतर उरले. "आई, पोट आत घेऊ का?" असे त्याने विचारले आणि ज्या मुलाला आम्ही सगळे हाडकुळा म्हणत होतो त्याच्या पोटावर हात ठेवून मी काही क्षण तशीच बसून राहिले.

यात नवल वाटण्याचे कारण नव्हते, हे मला नंतर समजले, कारण ही गोष्ट जगाला ज्या शहराने सांगितली त्याच शहरात मी राहते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलोच्या आसपास. आपली बाळे सगळ्याच मापांत लहान होती, पण सारख्या प्रमाणात लहान नव्हती. स्नायू आणि पोटातील अवयव फार कमी भरले होते, पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र जवळपास टिकून होती. दिसायला बारीक आणि आतून चरबी राखलेले असे हे बाळ 'थिन-फॅट' या नावाने वैद्यकशास्त्रात ओळखले जाऊ लागले. याच रुग्णालयातील दुसऱ्या एका अभ्यासाने, जो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, आठ वर्षांच्या ४७७ मुलांची तपासणी केली. जी मुले जन्मतः लहान होती आणि आठव्या वर्षापर्यंत वजनाने मोठी झाली होती, त्यांच्या शरीरात इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर ताब्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला, होणारा विरोध सर्वांत जास्त आढळला आणि हाच विरोध पुढे मधुमेहाकडे नेऊ शकतो. म्हणजे कमी वजनाच्या बाळाला पुढे भराभर 'अंगावर आणण्याचा' आपला सारा खटाटोप कदाचित त्याच्या चरबीतच भर घालत असतो.

डॉ. याज्ञिक आणि लंडनमधील डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी सारखा, २२.३ होता. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. गणिताची शिक्षिका म्हणून मला हे उदाहरण फार महत्त्वाचे वाटते, कारण सूत्र बरोबर असूनही उत्तर दिशाभूल करू शकते, हे यापेक्षा स्पष्टपणे मला वर्गात कधी दाखवता आले नसते. सूत्रात वजन आहे, ते वजन कशाचे आहे हे नाही.

याच कारणाने भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी जे वाढीचे तक्ते स्वीकारले, त्यांत जास्त वजनाच्या आणि स्थूलपणाच्या धोक्याच्या रेषा प्रौढांच्या बीएमआयच्या २५ आणि ३० या आकड्यांशी नव्हे, तर आशियाई शरीराला धरून २३ आणि २७ या आकड्यांशी जुळवलेल्या आहेत. पालकांनी इंटरनेटवरच्या कोणत्याही परदेशी गणकयंत्रात मुलाचे वजन टाकून निर्धास्त होऊ नये, आपल्या डॉक्टरांकडे हा तक्ता मागावा. देशभर २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वर्षांची जेमतेम ४ टक्के मुले जास्त वजनाची आढळली, पण त्याच वयात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलांचे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होते. जी मुले काट्यावर पकडली गेली नाहीत ती रक्ताच्या तपासणीत पकडली गेली, असा याचा अर्थ मी घेते.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. चरबी ही शरीराची शत्रू नाही. वयात येताना मुलींच्या शरीरात चरबीचे प्रमाण वाढते, ते वाढायलाच हवे आणि सातवी-आठवीतल्या मुलींनी त्या भीतीने जेवण सोडणे हा मी डोळ्यांनी पाहिलेला दुसरा धोका आहे. प्रश्न पोटाभोवती साठणाऱ्या जादा चरबीचा आणि तिच्या तुलनेत न भरलेल्या स्नायूंचा आहे. हे पटल्यावर 'याचे वजन कसे कमी करू' हा प्रश्न बहुतेक घरांतून आपोआप मागे पडतो, कारण वाढत्या मुलाचे वजन सहसा कमी करायचे नसते. त्याची उंची वाढू द्यायची असते, स्नायू भरू द्यायचे असतात आणि फाजील भर थांबवायची असते.

सुतळीचा प्रकार झाल्यावर मी एक रविवार मोजमापात घालवला. स्टीलची एक रिकामी वाटी घेतली आणि आदल्या दिवशी मुलाच्या पोटात जेवढी साखर गेली होती तेवढी चमच्याने त्यात ओतत गेले. सकाळ-संध्याकाळच्या दुधात वरून घातलेली साखर चार चमचे. त्याच दुधात घातलेली पौष्टिक म्हणून विकली जाणारी पावडर, जिच्या डब्यावरच्या बारीक अक्षरांनुसार तिसऱ्या हिश्शाहून अधिक साखरच होती, तिच्यातल्या साखरेचे जवळपास तीन चमचे. सहा बिस्किटांचा सव्वा चमचा. वाढदिवसाला मिळालेल्या आंब्याच्या पेयाच्या छोट्या खोक्याचे पाच चमचे. डब्यातल्या पोळीच्या सुरळीला लावलेल्या टोमॅटो सॉसचा पाऊण चमचा. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर हे सारे सत्तर ग्रॅमच्या घरात गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा कमी साखर सांगितली आहे. वाटी काठोकाठ भरली नव्हती, पण सासूबाईंनी ती हातात घेऊन हलवून पाहिली आणि म्हणाल्या, "एवढी तर मी शिऱ्याला घालते गं." त्या दिवसानंतर त्यांनी दुधात साखर घातली नाही. मी शंभर वेळा सांगून जे झाले नव्हते ते एका वाटीने केले.

साखर प्यायली जाते तेव्हा ती विशेष धोकादायक ठरते, कारण पेयातून पोटात गेलेले उष्मांक पुढच्या जेवणात तेवढ्याच प्रमाणात वजा होत नाहीत. याचा मला माहीत असलेला सर्वांत नेटका पुरावा नेदरलँड्समधला आहे. तिथे पाच ते अकरा वर्षांच्या ६४१ मुलांना दीड वर्ष रोज शाळेत २५० मिलिलीटर पेयाचा एक डबा देण्यात आला. निम्म्या मुलांच्या डब्यात साखर होती, म्हणजे १०४ कॅलरी, आणि निम्म्यांच्या डब्यात साखरेविना गोडी होती. कोणाच्या वाट्याला कोणता डबा आला हे मुलांना सांगितले नव्हते. २०१२ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा साखरेच्या गटातील मुलांचे वजन सरासरी ७.३७ किलोने वाढले होते आणि दुसऱ्या गटाचे ६.३५ किलोने. चिमटीत धरलेल्या त्वचेच्या घडीची जाडी, जिच्यावरून त्वचेखालच्या चरबीचा अंदाज येतो, आणि शरीरातील चरबीही दुसऱ्या गटात कमी वाढली. बहुतेक मुले सुरुवातीला सामान्य वजनाची होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. रोजचा एक डबा, बाकी आयुष्य होते तसेच, आणि दीड वर्षात किलोभराचा फरक. यावरून मी कृत्रिम गोडीची पेये द्या असे म्हणत नाही. आपल्या घरी माठातले पाणी आहे, ताक आहे, कोकमाचे सार आहे.

डब्याविषयी मला थोडे सविस्तर बोलायचे आहे, कारण मधल्या सुट्टीत वर्गात बसून जेवणारी मी एक शिक्षिका आहे आणि चाळीस डबे रोज माझ्यासमोर उघडतात. मेथीचे पराठे, पोळी-भाजी, लिंबूभात असे डबे येतात, तसेच जॅम लावलेला पाव, नूडल्स, चिप्सचे फोडलेले पाकीट आणि क्रीमची बिस्किटेही येतात. पण माझ्या नजरेला खटकते ती वेगळीच गोष्ट आहे. चांगल्या म्हणाव्या अशा डब्यांतही डाळ, उसळ, अंडे, पनीर, दही यांपैकी काहीच नसते. बटाट्याची भाजी आणि पोळी, साबुदाण्याची खिचडी, शिरा, फोडणीचा भात. पोट भरते, पण स्नायूंना लागणारे प्रथिन पोचत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ३२ ग्रॅम प्रथिने हवीत असे राष्ट्रीय पोषण संस्थेचे मानक सांगते. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, वाटीभर घट्ट डाळीत जवळपास तेवढीच, पण आपल्या घरोघरचे वरण इतके पातळ असते की वाटीचा तळ दिसतो. त्यात मुलगा वरचे पाणी भातावर ओतून घेतो आणि डाळ भांड्यातच राहते. मोड आलेल्या मटकीची उसळ, हरभऱ्याचा झुणका, थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी ही आपल्या स्वयंपाकातली जुनी आणि स्वस्त उत्तरे आहेत. ती डब्यातून हद्दपार झाली, कारण 'वास येतो', 'डबा गळतो' आणि 'मुले हसतात'. ज्या वर्गात उसळीच्या डब्याला नाक मुरडले जाते, त्या वर्गाच्या शिक्षिकेने आपला डबा मुलांसमोर उघडून उसळ खावी, असे मला वाटते आणि मी तसे करते.

शाळेच्या फाटकाबाहेरची गोष्ट आई-वडिलांच्या हातातली नाही. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा चरबी, मीठ वा साखर असलेले पदार्थ विकता येत नाहीत. त्याआधी २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ हद्दपार करण्याचा आदेश काढला होता. आमच्या फाटकासमोरच्या टपरीवर आजही पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा तोरणासारख्या लटकत असतात आणि मी ते अंतर पावलांनी मोजले तर ते अठ्ठावीस पावले भरते. टपरीवाल्या काकांवर राग काढण्यात अर्थ नाही, त्यांचे घर त्यावर चालते. पण पाच रुपयांत मुलाला काय मिळू शकते, हा प्रश्न साधा नाही. पाच रुपयांत पाकीट मिळते, केळे कधी मिळते आणि कधी मिळत नाही, उकडलेले अंडे तर मिळतच नाही. २०२५ मध्ये युनिसेफने जाहीर केले, की जगातील ५ ते १९ वयोगटात स्थूल मुलांचे प्रमाण प्रथमच कमी वजनाच्या मुलांपेक्षा जास्त झाले आहे, ९.४ टक्के विरुद्ध ९.२ टक्के. या आकड्यांमागे अशा लाखो टपऱ्यांवरचा हा पाच रुपयांचा हिशेब आहे, अशी माझी समजूत आहे.

आता खेळाविषयी, आणि इथे मला स्वतःची चूक मान्य करायची आहे. परीक्षा जवळ आली की पीटीचा तास मी मागून घेत असे. "सर, आज तुमचा तास देता का, अपूर्णांक राहिलेत" असे म्हटले, की पीटीचे सर हसून होकार देत. वर्गातून उठणारी निराशेची लाट मला ऐकू येत असे आणि तरीही मी फळ्याकडे वळत असे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे, घाम येईल आणि श्वास वाढेल अशी हालचाल सांगितली आहे, आणि त्याशिवाय आठवड्यातून तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे श्रम. आमच्या वर्गातल्या एका मुलाचा दिवस मी त्याच्याशी बोलत बोलत कागदावर मांडला. व्हॅनमध्ये पस्तीस मिनिटे, बाकावर साडेपाच तास, परत व्हॅन, जेवण, क्लास, गृहपाठ, मोबाइल. त्याच्या पायांवर तो दिवसभरात जेमतेम वीस मिनिटे होता, आणि त्यातला मोठा भाग वर्गातून स्वच्छतागृहापर्यंतचा. ज्या मुलांच्या शरीरात जन्मापासूनच स्नायू कमी भरलेले आहेत, त्यांना नुसते चालणे पुरेसे नाही. लंगडी, खो-खो, दोरीवरच्या उड्या, झाडावर चढणे, सूर्यनमस्कार, मल्लखांब, म्हणजे स्वतःच्या शरीराचे वजन उचलायला लावणारे खेळ हवेत. खो-खोच्या डावात खांबाला वळसा घालून झेपावणाऱ्या मुलाला सोसायटीच्या पार्किंगमध्ये रमतगमत सायकल फिरवणाऱ्या मुलापेक्षा जास्त जोर लावावा लागतो.

दूरदर्शन आणि मोबाइलचा प्रश्न सर्व जण फक्त हालचालीशी जोडतात, पण त्यात खाण्याचा वाटा मोठा असावा असे दिसते. अमेरिकेतील सॅन होजे शहरातल्या दोन प्राथमिक शाळांमध्ये थॉमस रॉबिन्सन यांनी केलेला आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग यासाठी पाहण्यासारखा आहे. एका शाळेतील तिसरी-चौथीच्या मुलांना आधी दहा दिवस टीव्ही पूर्ण बंद ठेवण्याचे आव्हान दिले, मग आठवड्याला सात तासांचे 'अंदाजपत्रक' ठरवून दिले. आहाराचा किंवा व्यायामाचा वेगळा उपदेश केला नाही. वर्षअखेर त्या मुलांचा बीएमआय, दंडावरच्या त्वचेची घडी आणि कंबरेचा घेर, हे सारे दुसऱ्या शाळेच्या तुलनेत कमी वाढलेले आढळले. हालचालीत मोजण्याइतका फरक पडला नव्हता, पण टीव्हीसमोर बसून घेतलेली जेवणे घटली होती. आमच्या घरी आता जेवताना पडदा बंद, एवढा एकच नियम आहे, आणि तो मोठ्यांनाही लागू आहे. पहिले चार दिवस सासऱ्यांना बातम्यांविना जेवण गोड लागले नाही.

आई-बाबांच्या सभेत मला हमखास विचारला जाणारा प्रश्न न्याहारीचा असतो. न्याहारी चुकवणाऱ्या मुलांच्या अंगावर चरबी जास्त आढळते, असे अनेक पाहण्यांतून दिसले आहे. पण दोन गोष्टी एकत्र आढळणे आणि एकीमुळे दुसरी होणे यांत फरक आहे. ज्या मुलाच्या घरी रात्री अकराला जेवण होते, त्याला सकाळी भूक नसते, तो उशिरा झोपलेला असतो आणि दहाच्या सुट्टीत टपरी गाठतो. मग दोष न्याहारीचा, झोपेचा, की उशिराच्या जेवणाचा? शिवाय ज्याला जाडीवरून चिडवले जाते तो मुद्दामच न्याहारी टाळतो आणि पाहणीत 'मी कमी खातो' असे लिहितो. म्हणून अशा पाहण्यांवरून मी कोणत्याही पालकाला एका सवयीची हमी देत नाही. ज्या बाबतीत मुलांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले आहेत, त्यांवर माझा भर जास्त आहे.

झोप ही त्यांपैकीच एक बाब आहे. अमेरिकेत चॅन्टेल हार्ट आणि सहकाऱ्यांनी ८ ते ११ वर्षांच्या ३७ मुलांवर तीन आठवड्यांचा प्रयोग केला. एक आठवडा नेहमीसारखी झोप, एक आठवडा जास्त आणि एक आठवडा कमी, अशी त्याची मांडणी होती. जास्त झोपेच्या आठवड्यात मुलांनी कमी झोपेच्या आठवड्यापेक्षा दिवसाला सरासरी १३४ कॅलरी कमी खाल्ल्या. नेदरलँड्समधल्या त्या पेयाच्या डब्यातही १०४ कॅलरी होत्या, म्हणजे झोप कापणे हे मुलाच्या हातात रोज एक गोड पेय ठेवण्याएवढेच होते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी असे निद्रातज्ज्ञांचे म्हणणे आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा निर्णय घेतला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पण पाचवीत गेल्यावर मुलाची झोपेची गरज एका रात्रीत संपत नाही, आणि आमचे सकाळचे सत्र सात वाजून दहा मिनिटांनी भरते.

सुतळीला आता आठ महिने झाले. दुधातली साखर आणि पावडर गेली, शाळेतून आल्यावर बिस्किटांऐवजी फुटाणे आणि एक अंडे असते, वरण घट्ट झाले आहे आणि मुलगा आठवड्यातून चार दिवस जवळच्या मैदानावर खो-खोला जातो. काट्यावर त्याचे वजन वाढले आहे, आणि ते पाहून सासूबाईंना बरे वाटले. गेल्या आठवड्यात मी जुनी सुतळी ड्रॉवरमधून काढली तेव्हा ती त्याच्या उंचीला चार सेंटिमीटरने अपुरी पडली, म्हणून नवी कापली. दुमडून पोटाभोवती गुंडाळली तर टोके जुळली आणि नखाएवढी पुढे सरकली. कंबर जिथल्या तिथे होती, उंची वाढली होती. "मी पोट आत घेतलेलं नाही हं," असे त्याने न विचारताच सांगितले.

झोपेचे मात्र अजून जमलेले नाही. मैदानावरून तो पावणेआठला येतो, गृहपाठ आणि जेवण उरकेपर्यंत सव्वानऊ होतात, दहाच्या आत दिवा बंद होण्याची रात्र आठवड्यातून दोन-तीनदाच येते आणि पावणेसहाला मला त्याला हाक मारावी लागते. यंदाच्या वेळापत्रकात पीटीचे तास मी एकदाही मागितलेले नाहीत. माध्यमिकचे सकाळचे सत्र निदान आठ वाजता भरावे, असा अर्ज आम्ही सात शिक्षकांनी सह्या करून व्यवस्थापनाला दिला आहे आणि तो पुढच्या बैठकीत घेऊ असे उत्तर आले आहे.